शेवटची संधी किती वेळा? केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदया, सादर नमस्कार.

मी रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यात राहतो. एका बँकेत ३६ वर्षे नोकरी केली, त्यातली बहुतेक बाणकोट खाडीच्या अल्याड-पल्याडच्या शाखांमध्ये. १९८१ साली कारकून म्हणून लागलो आणि २०१७ साली निवृत्त झालो. अर्थशास्त्र मी शिकलेलो नाही. पण काउंटरच्या या बाजूला बसून पैसा कुठून येतो, कुठे जातो आणि कुठल्या क्षणी त्याचा रंग बदलतो, हे मी जवळून पाहिले आहे. त्याबद्दल आणि करबुडव्यांना सरकारने पुन्हा पुन्हा दिलेल्या माफीबद्दल लिहितो आहे.

सुरुवात एका बाईंपासून करतो. १९८३-८४ ची गोष्ट. त्यांचा मुलगा दुबईला गवंडीकाम करायचा. पहिल्या वर्षी तो बँकेतून ड्राफ्ट पाठवायचा. पाकीट रजिस्टर पोस्टाने यायला दोन-तीन आठवडे लागत. ड्राफ्ट मुंबईच्या शाखेवर काढलेला असायचा, म्हणून आम्ही तो कलेक्शनला मुंबईला पाठवायचो. तिथून पैसे जमा झाल्याचे कळेपर्यंत आणखी पंधरवडा जायचा. पावसाळ्यात पोस्ट अडले की त्याहून जास्त. बाई दर चार दिवसांनी होडीने खाडी ओलांडून चौकशीला यायच्या, बाकावर बसायच्या आणि तशाच परत जायच्या. मग एक दिवस त्या यायच्या थांबल्या. बाजारात भेटल्यावर मी विचारले, तर म्हणाल्या, "सायबा, तुमचा कागद महिन्यान येतो, त्याचा माणूस सांजंला घरी येतो."

त्यांचा "माणूस" म्हणजे हवालावाला. मुलगा सुट्टी संपवून जाताना घरी दहाच्या चार-पाच करकरीत नोटा ठेवून जायचा, नंबर त्याच्या डायरीत लिहिलेले. दुबईत दिरहम मोजून दिले की त्यातला एक नंबर तिथल्या दुकानदाराला सांगायचा. इथे माणूस यायचा, नोटेचा नंबर जुळवायचा, रुपये मोजायचा आणि ती दहाची नोट घेऊन जायचा. तीच पावती. भावही आमच्यापेक्षा चांगला मिळायचा, कारण आमचा भाव सरकार ठरवायचे आणि त्याचा बाजार.

परकीय चलन नियमन कायदा, १९७३ चा फेरा, त्या काळी लागू होता. त्याच्या नजरेत ही बाई आणि तिचा मुलगा दोघेही गुन्हेगार होते. आमच्या किनाऱ्यावर अशी शेकडो घरे होती. मी एकाही घराची तक्रार केली नाही. आजही मला वाटते की त्या बाईने कोणाचे काही चोरले नव्हते. तिच्या मुलाने उन्हात वाळू-सिमेंट कालवून मिळवलेला पैसा तिला वेळेवर आणि पुरता हवा होता. सरकारने रुपयाची किंमत कागदावर जास्त धरली होती आणि त्या फरकाचा भुर्दंड आखातातल्या मजुराने सोसावा अशी अपेक्षा होती. तो त्याने सोसला नाही.

पण एवढ्यावर थांबलो तर मी अर्धेच खरे बोललो असे होईल. त्या बाईच्या हातात आलेले रुपये कोणाचे होते?

हवाल्यात पैसा सरहद्द ओलांडत नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. मुलाचे दिरहम दुबईतच राहिले. ते घेतले मुंबईतल्या अशा कोणीतरी, ज्याच्याकडे कर चुकवलेले रुपये थप्प्यांनी पडून होते आणि ज्याला परदेशात पैसा हवा होता. कोणाला सोने आणायचे होते, कोणाला खोट्या बिलातला फरक भागवायचा होता, कोणाला बाहेर खाते उघडायचे होते. त्याने इथले काळे रुपये दिले, तिथले घामाचे दिरहम घेतले. मजुराची स्वच्छ कमाई एका करबुडव्याच्या तिजोरीत जाऊन बसली आणि त्याची काळी रोकड गवंड्याच्या आईच्या डाळ-तांदळाच्या डब्यापर्यंत आली. दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिले नाही. बाईला यातले काहीच ठाऊक नव्हते. मला थोडेफार ठाऊक होते आणि मी गप्प राहिलो. ती टोचणी माझी आहे.

त्या सोन्याची वाटही आमच्याच किनाऱ्यावरून जायची. दुबईहून आलेली चांदी-सोने होडीतून उतरवणारी माणसे, डोळेझाक करणारे कस्टम्सवाले आणि पोलीस, रात्री वाजणाऱ्या ट्रकांची ठरलेली वेळ हे सारे गावोगाव माहीत होते. "सोनेच आहे ना, कोणाचे काय जाते," असे चांगली माणसेसुद्धा म्हणायची. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिघीला आणि शेखाडीला त्याच वाटेने, त्याच हप्त्यांच्या जोरावर शस्त्रे आणि आरडीएक्स उतरले. १२ मार्चला मुंबईत शेअर बाजार, झवेरी बाजार, एअर इंडियाची इमारत, दादरचे प्लाझा अशा ठिकाणी स्फोट झाले आणि २५७ माणसे गेली. पुढे खटल्यात कस्टम्सच्या आणि पोलिसांच्या माणसांनाही शिक्षा झाल्या. शेखाडी माझ्या तालुक्यातले गाव आहे. त्या दिवसापासून "कोणाचे काय जाते" हे वाक्य मी कधी उच्चारलेले नाही.

चोरवाट एकदा तयार झाली की तिच्यावरून कोण चालणार हे ती वाट ठरवत नाही. म्हणून हवाल्याची बाजू मी घेत नाही. गरिबाने केला तरी नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या दोघांपैकी, म्हणजे गवंड्याची आई आणि मुंबईचा करबुडव्या यांच्यापैकी, आपल्या देशाने माफी कोणाला दिली?

१९९१ साल आठवते. परकीय गंगाजळी काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती. रिझर्व्ह बँकेचे ४७ टन सोने गहाण पडले, त्याआधी स्टेट बँकेमार्फत २० टन गेले होते. आम्ही बँकेत काम करणारे लोक त्या बातमीने खरोखर खचलो होतो. घरातले मंगळसूत्र गहाण पडावे तसे वाटले होते. २४ जुलैला डॉ. मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला. त्यात परदेशातून येणाऱ्या पैशाबद्दल तो कुठून आला हे विचारले जाणार नाही, अशी तरतूद होती. इंडिया डेव्हलपमेंट बाँड आले, त्यातल्या पैशाचाही उगम विचारायचा नव्हता. आणि देशातल्या काळ्या पैशासाठी नॅशनल हाउसिंग बँकेत ठेवी ठेवायची सोय झाली: ४० टक्के रक्कम झोपडपट्टी निर्मूलनासाठी आणि गरिबांच्या घरांसाठी सोडायची, उरलेल्याबद्दल प्रश्न नाही.

देश बुडत असताना हाती लागेल तो ओंडका धरावा लागतो. डॉ. सिंग यांच्या हेतूबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आज तर नाहीच. पण पुढच्या काही महिन्यांत आमच्याकडे परदेशातून "भेट" म्हणून रकमा येऊ लागल्या. ज्यांच्या घरचे कोणी परदेशात नव्हते अशांच्या नावावरही आल्या. मी व्हाउचर लिहीत होतो आणि मनात हिशेब जुळत होता. हेच ते दिरहम. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या खाडीकाठच्या मुलांनी दिलेले, बाहेर जाऊन गोळा झालेले, आता डॉलर होऊन, कायद्याचे संरक्षण घेऊन, भेटवस्तूसारखे परत येत होते. करबुडव्याचे वर्तुळ पूर्ण झाले होते. फेराखाली ज्या मजुरांवर आणि छोट्या दलालांवर खटले होते, त्यांच्यासाठी त्या कायद्यात असे स्वागत नव्हते.

त्याच सुमाराला एक चांगली गोष्टही झाली आणि तीही आपल्याच खात्याने केली. मार्च १९९२ मध्ये दुहेरी विनिमय दर आला: ४० टक्के परकीय चलन सरकारी भावाने, ६० टक्के बाजारभावाने. वर्षभराने, मार्च १९९३ मध्ये, दोन्ही भाव एक झाले. परदेशातून येणाऱ्याला ठरावीक सोने शुल्क भरून उघडपणे आणता येऊ लागले. आमच्या शाखेत याचा परिणाम कोणत्याही धाडीपेक्षा जास्त झाला. हवालावाल्याचा भाव आणि आमचा भाव यांत फारसे अंतर उरले नाही. जी घरे दहा वर्षे आमच्याकडे फिरकली नव्हती, त्यांनी एनआरई, म्हणजे परदेशस्थ भारतीयांची, खाती उघडली. ती गवंड्याची आईसुद्धा एक दिवस आली आणि आपले जुने पासबुक शोधायला सांगू लागली. तिला कोणी माफी दिली नव्हती. सरळ रस्ता तिला परवडेल इतका सरळ झाला, एवढेच पुरले. पुढे २००० साली फेरा जाऊन फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायदा, आला आणि चलन नियमांचे उल्लंघन फौजदारीऐवजी दिवाणी झाले.

मग उरला तो हवाला कशाचा? भावाच्या फरकाचा नव्हे, तर कर चुकवण्याचा, लाचेचा आणि सोन्याच्या तस्करीचा. सोन्यावरचे आयात शुल्क २०१३ मध्ये १० टक्क्यांवर गेले, २०२२ मध्ये १५ झाले, तशी विमानतळांवर पोटाला सोने बांधलेली माणसे सापडू लागली. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात आपण ते ६ टक्क्यांवर आणलेत. त्याबद्दल या पत्रात आभार मानतो. चोरवाट कशी बंद होते हे आपल्या खात्याला चांगले समजते, याचा तो पुरावा आहे.

आणि म्हणूनच करबुडव्यांना पुन्हा पुन्हा दिलेल्या अभयाचे कोडे मला उलगडत नाही.

लपवलेले उत्पन्न जाहीर करून सुटका करून घेण्याची पहिली योजना १९५१ ची. तेव्हा अर्थमंत्री होते आमच्याच जिल्ह्यातल्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख. इतका काटेकोर माणूस अर्थखात्यात असतानाही लपवलेले सुमारे ७० कोटीच बाहेर आले. नंतर १९६५ ला योजना आली. १९७१ मध्ये माजी सरन्यायाधीश वांच्छू यांच्या समितीने स्पष्ट सांगितले की अशा योजना वारंवार आणल्या तर प्रामाणिक करदात्याचा सरकारवरचा विश्वास डळमळतो आणि कायदा राबवणाऱ्या यंत्रणेबद्दल तिरस्कार निर्माण होतो. चार वर्षांनी, आणीबाणीत, पुन्हा योजना आली. १९८१ मध्ये, मी नोकरीला लागलो त्याच वर्षी, स्पेशल बेअरर बाँड निघाले. १०,००० रुपयांचा बाँड, दहा वर्षांनी १२,००० रुपये. त्यावर नाव नाही, ज्याच्या हातात तो त्याचा मालक, आणि पैसा कुठून आणला हे विचारायला बंदी. प्रशिक्षणात आम्हाला नोटा मोजताना सही आणि नाव तपासायला शिकवत होते. त्याच महिन्यांत सरकार नाव नसलेला कागद विकत होते.

त्या बाँडना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी कायदा वैध ठरवला. एखादा कायदा नैतिकदृष्ट्या खटकतो एवढ्यावरून तो घटनाबाह्य ठरत नाही, अशी त्यांची भूमिका होती. न्या. ए. सी. गुप्ता एकटे वेगळे राहिले. कर चुकवणाऱ्यांना प्रामाणिक करदात्यांपेक्षा चांगली वागणूक देणारा भेद त्यांना मान्य झाला नाही. कायद्याच्या दृष्टीने चौघे बरोबर असतील, मला त्यातले कळत नाही. पण न्यायालयाने ज्या प्रश्नाला हात लावायचे नाकारले तो नीतीचा प्रश्न मग कोणाकडे गेला? तो संसदेकडे आणि आपल्या खात्याकडे आला, आणि तिथे तो तसाच पडून आहे.

१९९७ ची व्हीडीआयएस, म्हणजे लपवलेले उत्पन्न स्वेच्छेने जाहीर करण्याची योजना, मी शाखेत बसून पाहिली. व्यक्तींना ३० टक्के, कंपन्यांना ३५ टक्के. व्याज नाही, दंड नाही, खटला नाही. त्यातही दागिने आणि चांदी १९८७ च्या एप्रिलच्या भावाने दाखवायची मुभा. दहा वर्षांत भाव किती वाढला होता हे कोणत्याही सराफाला विचारा. म्हणजे ३० टक्के नावाला. प्रत्यक्षात कितीतरी कमी. जुने दागिने आहेत असे दाखवून कालपरवाची रोकड त्यात बसवायला सोपे. महालेखापरीक्षकांनी यावर ताशेरे ओढले. सुमारे पावणेपाच लाख लोकांनी ३३ हजार कोटींहून अधिक रक्कम जाहीर केली आणि तिजोरीत ९,७०० कोटींच्या आसपास आले. आकडा मोठा होता, टाळ्या झाल्या.

त्या डिसेंबरात आमच्या शाखेत एक शिक्षिका आल्या होत्या. पगारातून कापलेल्या कराबद्दल त्यांना काही विचारायचे होते. त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत तालुक्यातले एक बडे व्यापारी चलन भरत होते. दोघांची ओळख होती. व्यापारी मोकळेपणाने म्हणाले, "बाई, तुम्ही घाई केलीत." बाई हसल्या नाहीत. त्यांना घाई करण्याचा किंवा न करण्याचा पर्यायच नव्हता. त्यांचा कर पगार हातात यायच्या आधी कापला जायचा. तीच गोष्ट माझी, तीच एसटीच्या वाहकाची, तीच तलाठ्याची. करमाफी ज्याला मिळते त्याच्याकडे आधी चुकवण्याची सोय असावी लागते. ज्याच्याकडे ती सोय नाही त्याने त्या माफीची किंमत भरायची. व्हीडीआयएसचा माझ्या दृष्टीने अर्थ एवढाच होता.

या योजनेवरून केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयाला हमी दिली की पुन्हा अशी योजना आणणार नाही. मला त्या हमीचे फार समाधान वाटले होते.

२०१५ मध्ये परदेशी काळ्या पैशाचा कायदा झाला आणि तीन महिन्यांची मुदत मिळाली, ३० टक्के कर आणि ३० टक्के दंड. साडेसहाशेच्या आत लोक पुढे आले, सुमारे ४,१०० कोटी दाखवून. २०१६ च्या जूनपासून उत्पन्न जाहीर करण्याची योजना आली, ४५ टक्क्यांनी. या दोन्ही योजनांत दर साधारण करापेक्षा जास्त होता, म्हणून ही माफी नव्हे असे सांगितले गेले. त्यात तथ्य आहे, ते मी मान्य करतो. १९९७ पेक्षा हे बरे होते. पण वर्षानुवर्षांचे व्याज आणि खटल्याची भीती वजा केली की ४५ टक्केही फार नसतात. ३० सप्टेंबर ही अखेरची संधी आहे, त्यानंतर सुटका नाही, असे सरकारने देशाला बजावले होते.

त्या अखेरच्या संधीनंतर ७८ दिवसांनी, १७ डिसेंबर २०१६ ला, पुढची योजना सुरू झाली. जवळपास ५० टक्के भरा आणि एक चतुर्थांश रक्कम चार वर्षे बिनव्याजी ठेवा.

मधल्या दिवसांत काय झाले ते मला कोणी सांगायला नको. मी काउंटरवर होतो. ८ नोव्हेंबरला पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या आणि आठवड्याभरात देशात चलनाचा नवा काळा बाजार उभा राहिला. या वेळी दिरहम-डॉलरचा नाही, रुपयाचा रुपयाशी. जुने शंभर द्या, नवे सत्तर-ऐंशी घ्या. ठेकेदारांची मजूर माणसे प्रत्येकी ४,००० रुपये घेऊन रांगेत उभी असायची, एका दिवसाच्या रोजावर. त्यांच्या बोटाला शाई लागायची, नोटा ठेकेदाराच्या घरी जायच्या. कितीतरी जनधन खात्यांत एकाएकी पन्नास-पन्नास हजार आले. काही खातेदारांना पैसे कोणाचे हे विचारले तर ते रडू लागत. त्याच वेळी, १४ नोव्हेंबरपासून, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. आमच्याकडे शेतकऱ्याचे आणि मच्छीमाराचे खाते असते तिथेच. मासे विकून आलेली खरी कमाई घेऊन तो माणूस दहा-पंधरा किलोमीटर दुसऱ्या बँकेच्या रांगेत गेला. आणि आमच्या पेशातल्या काहींनी मागच्या दाराने गठ्ठे बदलून दिले. देशभर निलंबने झाली, अटका झाल्या. ३६ वर्षांत मला माझ्या पेशाची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

रिझर्व्ह बँकेने पुढे हिशेब दिला: बंद केलेल्या १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटी परत आले. म्हणजे काळे आणि पांढरे एकाच दाराने आत आले. डिसेंबरमधल्या नव्या योजनेत जेमतेम ५ हजार कोटी जाहीर झाले. ज्याला नोटा ७०-८० च्या भावाने बदलून मिळत होत्या तो सरकारला ५० कशाला देईल? एका बाजूला दलाल आणि दुसऱ्या बाजूला सरकार, दोघे एकाच मालावर भाव लावत बसले होते आणि दलालाचा भाव चांगला होता. कायद्याने सौदा करायला बसावे हेच मुळात मला सहन झाले नाही.

आता दर जानेवारीत नव्या योजनेची कुजबुज सुरू होते. सल्ला मागायला येणाऱ्याला जाणती माणसे सांगतात, "आत्ताच कशाला दाखवतोस? योजना येईल." मी हे शाखेत ऐकले, लग्नाच्या पंगतीत ऐकले, गेल्या महिन्यात एसटीतही ऐकले. पुढच्या माफीची वाट पाहणे हा आता हिशेबाचा भाग झाला आहे.

माझा माफीलाच विरोध आहे असे कृपया समजू नये. पुण्यात मिळकतकर थकला की महिन्याला २ टक्के शास्ती लागते. एखाद्या विधवेचे दोन खोल्यांचे घर वादात अडकले, कर राहून गेला आणि शास्ती मुद्दलापेक्षा मोठी झाली, तर ती माफ करणारी अभय योजना मला योग्य वाटते. परदेशात पाच वर्षे नोकरी करून परतलेल्या मुलाचे तिथल्या बँकेतले छोटे खाते विवरणपत्रात दाखवायचे राहिले आणि त्याला १० लाखांच्या दंडाची नोटीस आली, हे कोणाच्याही बुद्धीला पटणारे नव्हते. २०२४ मध्ये २० लाखांपर्यंतच्या जंगम मालमत्तेला त्यातून सूट मिळाली, ते बरे झाले. ज्याला जमले नाही किंवा कळले नाही, त्याला जरूर माफ करावे. ज्याने हिशेब करून चुकवले आणि हिशेब करूनच माफीची वाट पाहिली, त्याचे काय करायचे, एवढाच माझा मुद्दा आहे.

हे पत्र माझ्या गावचे, खेड-दापोली-मंडणगडचे, आखातात असलेले लोकही वाचतील. त्यांना दोन शब्द सांगतो. तुमच्या बापजाद्यांनी हवाला केला तेव्हा त्यांच्याकडे सबब होती. आज तुमच्याकडे ती नाही. पैसा मिनिटांत खात्यावर येतो, भाव फोनवर दिसतो. तरीही कोणी "थोडा जास्त भाव देतो" म्हणाला, तर तो जास्तीचा पैसा कोण आणि कशासाठी देतो आहे ते स्वतःला विचारा. शेखाडी आठवा. आणि इथे राहणाऱ्या पैसेवाल्यांनाही सांगतो: वर्षाला अडीच लाख डॉलर कायदेशीर मार्गाने बाहेर पाठवता येतात. त्याहून जास्त, तेही लपवून पाठवावे लागत असेल, तर तो पैसा कशाचा आहे हे तुम्हालाच ठाऊक आहे.

महोदया, मागणे एकच आहे. लपवलेल्या उत्पन्नाला अभय देणारी योजना पुन्हा येणार नाही, ही १९९७ च्या योजनेवरून न्यायालयाला दिलेली हमी आता कायद्यात लिहावी. उद्या खरेच देशावर १९९१ सारखा प्रसंग आला आणि अशी योजना आणावीच लागली, तर ती अर्थसंकल्पाच्या गठ्ठ्यात न घालता स्वतंत्र विधेयक म्हणून संसदेपुढे आणावी. त्यात कराचा बोजा, चुकवलेल्या प्रत्येक वर्षाचे व्याज धरून, त्याच उत्पन्नावर वेळेत कर भरलेल्या माणसापेक्षा एका पैशानेही कमी नसावा, आणि मालमत्तेचा भाव त्या दिवशीचा असावा, दहा वर्षांपूर्वीचा नव्हे. त्यासोबत अशा योजनेमुळे करबुडव्यांकडून किती येणे सोडून दिले जाते, त्याचा आकडा छापून द्यावा.

मला वैयक्तिक उत्तर नको. पुढच्या अर्थसंकल्पाच्या भाषणात यावर एक वाक्य आले तर मी ते ऐकेन. त्या दिवशी दुपारपर्यंत मी रेडिओपासून उठत नाही. त्या शिक्षिका आता ऐंशीच्या आहेत, आमच्याच आळीत राहतात. त्यांनाही ऐकवीन.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी
तालुका श्रीवर्धन, जिल्हा रायगड